लॅपटॉपच्या पडद्याची मापं खोक्यावर छापा

लॅपटॉपच्या खोक्यावर पडद्याचं माप दशांशासकट लिहिलेलं असतं: ३९.६ सेंमी, आणि शेजारी कंसात १५.६ इंच. वैधमापनाच्या, म्हणजे वजनमापांच्या, कायद्याला मेट्रिक एकक हवं असतं, म्हणून कंपन्या ते निमूटपणे छापतात. पण हा पडदा उजेड किती देतो, त्यावर लाल रंग लाल दिसतो की विटकरी, बाजूला बसलेल्या माणसाला त्यावरचं काही वाचता येतं की नाही, याबद्दल खोक्यावर एक अक्षर नसतं. ऑनलाइन दुकानातही ‘फुल एचडी, अँटी-ग्लेअर, पातळ कडा’ एवढ्यावर भागवलेलं असतं. हे तिन्ही शब्द खरे असूनही पडदा भिकार असू शकतो. आणि तो तसा निघाला, तर ग्राहकाला दाद मागायला जागा उरत नाही, कारण चांगल्या पडद्याचं वचन त्याला कुणी दिलेलंच नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही मापं छापणं कायद्यानं सक्तीचं करावं. कुठली कंपनी चांगली आणि कुठली वाईट या वादात मला पडायचं नाही. पन्नास-साठ हजार रुपये मोजून, बहुतेक वेळा हप्त्यावर, घरात येणाऱ्या वस्तूचा जो भाग पुढची चार-पाच वर्षं रोज डोळ्यांसमोर राहणार आहे, त्याच्याबद्दलच विक्रेत्यानं गप्प राहावं हे मला मान्य नाही.

मापं म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात. आपल्याकडच्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या लॅपटॉपांत तो साधारण २२० ते २५० निट्स असतो. रात्री ट्यूबलाइटखाली तेवढा पुरतो. दिवसा खिडकीपाशी किंवा गॅलरीत बसलात की अक्षरं फिकी पडतात, मग माणूस ब्राइटनेस शंभर टक्के करतो, पुढे झुकतो, शेवटी खिडकीचे पडदे ओढून घेतो. त्याच घरातला पंधरा-वीस हजारांचा मोबाइल मात्र उन्हात नीट वाचता येतो. मोबाइलवाले हल्ली निट्सचे आकडे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत देतात. तिथे ग्राहक आकडे पाहून तुलना करतो, म्हणून तिथे स्पर्धा झाली आणि पडदे सुधारले. लॅपटॉपमध्ये प्रोसेसरचं नाव, रॅमचे जीबी, एसएसडीची क्षमता आणि वजन या चार गोष्टींची तुलना होते. किंमत खाली आणायची असेल तर कंपनी या चारांना हात लावत नाही. कात्री लागते ती ज्याचा आकडा कुणी विचारत नाही त्याला, म्हणजे पडद्याला.

रंगांचं मोजमाप थोडं किचकट आहे, पण समजायला अवघड नाही. संगणकावरचे फोटो, वेबपानं, व्हिडिओ यांच्यासाठी एसआरजीबी नावाचं प्रमाण आहे. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ते १९९६ साली मांडलं आणि १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं. त्या प्रमाणातले सगळे रंग दाखवणारा पडदा हा खरं तर पूर्ण पडदा. लॅपटॉपच्या तांत्रिक कागदांत मात्र ‘४५ टक्के एनटीएससी’ असा आकडा सापडतो. एनटीएससी हे अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचं १९५३ सालचं प्रमाण. त्याचे ७२ टक्के म्हणजे जवळपास पूर्ण एसआरजीबी, आणि ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीचा तीन-पंचमांशाच्या आसपासचा भाग. उरलेले रंग या पडद्यावर उमटतच नाहीत. गडद लाल नारिंगीकडे झुकतो, हिरवा मळकट दिसतो, माणसांचे चेहरे आजारी वाटतात. सेटिंग कितीही बदला, बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) आणि पॅनल (चित्र उमटवणारा पडद्याचा मूळ भाग) यांच्या फिल्टरमध्ये जे नाही ते सॉफ्टवेअर कुठून आणणार?

याची झळ कुणाला बसते ते पाहायचं तर येवल्यातल्या एखाद्या पैठणी विक्रेत्याचा विचार करा. आता विक्रीचा मोठा हिस्सा फोटोवर चालतो. साडीचा फोटो काढायचा, लॅपटॉपवर घेऊन रंग जुळवायचे आणि गिऱ्हाइकाला पाठवायचे. लॅपटॉपवर जांभळा फिका दिसला की तो रंग वाढवला जातो. तोच फोटो गिऱ्हाइकाच्या, रंग ठळक दाखवणाऱ्या अमोलेड पडद्याच्या मोबाइलवर भडक जांभळा होऊन उघडतो. साडी घरी पोचली की ‘फोटोत वेगळी होती’ म्हणून परत येते. विणकरानं रंग बरोबर साधलेला असतो, दुकानदारही खोटं बोललेला नसतो, तरी येण्याजाण्याचा खर्च आणि गिऱ्हाइकाचा राग दोन्ही त्यांच्याच वाट्याला. लग्नाचे फोटो काढणारे, फ्लेक्स आणि पत्रिका करणारे डीटीपीवाले, घरबसल्या डिझाइनची कामं घेणाऱ्या मुली, अशी आपल्या गावोगावी पडद्यावर पोट असलेली माणसं खूप आहेत आणि महागडा वेगळा मॉनिटर घेण्याची ऐपत त्यांतल्या थोड्यांचीच.

तिसरी गोष्ट पॅनलच्या जातीची. टीएन नावाची जुनी पद्धत स्वस्त पडते, पण समोरून जरा हललात की रंग पालटतात. वरून पाहिलं तर चित्र पांढरट, खालून पाहिलं तर काळपट, कधी तर फोटोच्या निगेटिव्हसारखं. १५.६ इंची टीएन पडद्यावर मान न हलवताही हे दिसतं. एकच करडा रंग पूर्ण पडद्यावर पसरवा. वरची पट्टी गडद आणि खालची उजळ दिसेल, कारण डोळ्याचा दोन्हींकडे पाहण्याचा कोन वेगळा असतो. आयपीएस पद्धतीत ही अडचण जवळजवळ नसते. हिताचीनं ती १९९६ साली बाजारात आणली, म्हणजे हे काही कालपरवाचं अप्राप्य तंत्र नव्हे.

देवनागरी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांसाठी पिक्सेलांची, म्हणजे चित्र ज्या ठिपक्यांनी बनतं त्यांची, दाटीही महत्त्वाची आहे. १३६६ बाय ७६८ चा पडदा १५.६ इंचांवर ताणला की एका इंचात जेमतेम शंभर पिक्सेल येतात. फुल एचडीत (१९२० बाय १०८०) ते एकशे एक्केचाळीस होतात. इंग्रजी अक्षर कमी पिक्सेलांत भागवून घेतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, शिवाय पोटात जोडाक्षर. बारीक मजकुरात ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला फरक, ऱ्हस्व आणि दीर्घ उकारातला फरक दोन-तीन पिक्सेलांवर येऊन ठेपतो. त्यात पडदा फिका असेल तर मुद्रितशोधन करणाऱ्यानं काय करावं? मराठीत संगणकावर शुद्ध लिहावं असा आग्रह आपण धरतो, तेव्हा लिहिणाऱ्याला अनुस्वार दिसतो आहे ना याचीही काळजी घ्यायला हवी.

माझ्या भाचीचं प्रकरण इथे सांगतो. ती वास्तुरचनेच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सेलमध्ये घरच्यांनी लॅपटॉप घेऊन दिला, प्रोसेसर आणि रॅम दोन्ही कॉलेजनं दिलेल्या यादीबरहुकूम. पडदा उघडल्यावर तिचा चेहरा उतरला. नकाशातल्या फिक्या करड्या रेषा दिसेनात, आणि शेजारी बसलेल्या मैत्रिणीला दाखवायला पडदा वळवला की चित्र काळं पडायचं. ऑनलाइन दुकानानं ‘फक्त बिघाड असल्यास बदलून मिळेल’ म्हणत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवलं. मी तिच्याबरोबर गेलो. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता, त्यानं आमचं सगळं ऐकून घेतलं. मग एक पेनड्राइव्ह लावून पडद्यावर एकामागून एक लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पाच रंग भरले आणि नाक टेकेल इतक्या जवळून कोपऱ्याकोपऱ्यांतून मेलेला पिक्सेल शोधला. एकही सापडला नाही. ‘मॅडम, टेस्ट पास आहे,’ तो म्हणाला. भाची म्हणाली, ‘दादा, हा लाल तुम्हाला लाल दिसतोय का?’ त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ‘या मॉडेलला असाच येतो,’ एवढं म्हणून त्यानं जॉबशीटवर ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहिलं आणि सही घेतली.

त्या मुलाची काही चूक नव्हती. त्याच्या तपासणीत मेलेले पिक्सेल मोजायची सोय आहे, रंग किंवा उजेड मोजायची नाही. मेलेल्या पिक्सेलांसाठी आयएसओचं प्रमाण आहे, किती चालतील आणि किती नाहीत याचे वर्ग ठरलेले आहेत. फुल एचडी पडद्यावरच्या वीस लाखांहून अधिक पिक्सेलांपैकी एक पिक्सेल गेला तर निदान बोलता येतं. वीसच्या वीस लाख फिके असतील तर बोलायला आधार नाही!

कायद्यातही नेमकी हीच फट आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(१०) मध्ये दोषाची व्याख्या आहे. कायद्यानं, करारानं किंवा विक्रेत्याच्या दाव्यानुसार जो दर्जा राखायला हवा, त्यात उणीव असेल तर तो दोष. आता लॅपटॉपच्या पडद्याच्या उजेडाबद्दल आणि रंगाबद्दल कायद्यानं किमान दर्जा ठरवलेला नाही. बिलावर त्याचा उल्लेख नाही. विक्रेत्यानं दावा केलेला नाही. मग उणीव कशाच्या तुलनेत दाखवायची? भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लॅपटॉपला लागते, पण ती सुरक्षिततेची: शॉक लागू नये, आग लागू नये. पडदा कसा दिसतो हा तिचा विषय नव्हे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेतही पाठवू शकतो. पण प्रयोगशाळेनं ‘२२० निट्स, ४५ टक्के एनटीएससी’ असा अहवाल दिला तरी कंपनीचा वकील शांतपणे विचारेल की याहून जास्त देतो असं आम्ही कधी म्हटलं होतं.

आणि त्याच कायद्याचं कलम २(९) ग्राहकाला वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता, मानक आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क देतं. कलम २(२८) नुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी ठरते. माझ्या मते पडद्याचे आकडे ही महत्त्वाची माहिती आहे, आणि ती न सांगणं हे जाणूनबुजून आहे. कारण आकडे कंपनीकडे असतातच. पॅनल विकत घेताना पॅनलचा कारखाना त्याच्या प्रत्येक मॉडेलचं तपशीलपत्रक देतो. त्यात उजेड, रंगांची व्याप्ती, पाहण्याचे कोन, प्रतिसादाचा वेळ, सगळं असतं. लेनोवोसारखी कंपनी आपल्या तांत्रिक तपशीलपत्रकांत निट्स, एनटीएससीची टक्केवारी आणि टीएन की आयपीएस हे उघडपणे देते. म्हणजे माहिती देणं अशक्य नाही, गुपित फुटण्याचाही प्रश्न नाही. ती ज्या पानावर ग्राहक ‘खरेदी करा’चं बटण दाबतो त्या पानावर आणि खोक्यावर आली पाहिजे, एवढंच उरतं. त्या पानावर आज काय असतं? लॅपटॉपचं चित्र, आणि त्याच्या पडद्यावर संगणकावर चिकटवलेला झगझगीत वॉलपेपर. तो रंग त्या पडद्याचा नसतोच.

यावर कंपन्यांचं पहिलं उत्तर असं असतं की पॅनल एकाच कारखान्यातून येत नाही. हे खरं आहे. बीओई, एयूओ, इनोलक्स, एलजी डिस्प्ले अशा तीन-चार पुरवठादारांचे पडदे एकाच मॉडेल क्रमांकाखाली बसवले जातात. तुम्ही ज्या लॅपटॉपची परीक्षणं वाचून पैसे मोजता, त्याच नावाच्या तुमच्या नगात वेगळाच पडदा असू शकतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटरच्या हार्डवेअर आयडीत पहिली तीन अक्षरं कारखान्याची असतात, पण ती बघायला मिळतात खोकं फोडल्यानंतर. पुरवठादार बदलतात म्हणून आकडे देता येत नाहीत, हे मात्र पटत नाही. किमान आकडा द्या. ‘या मॉडेलमध्ये उजेड किमान २५० निट्स, रंग एसआरजीबीच्या किमान अमुक टक्के, पॅनल आयपीएस’ असं लिहिलं की पुरवठादार कुठलाही असो, त्याला ती रेघ ओलांडावी लागेल. दुधाच्या पिशवीवर फॅट आणि एसएनएफचे आकडे असतात, दूध कुठल्या गावच्या गोठ्यातून आलं याची तिथे अडचण येत नाही.

दुसरं उत्तर जास्त ऐकू येतं आणि मला जास्त खटकतं: सामान्य माणसाला हे आकडे कळणार नाहीत. एसीवरचे तारे त्याला कळले की. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं २००६ मध्ये ताऱ्यांची योजना आणली, २०१० पासून एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजवर ती सक्तीची झाली. आज गल्लीतल्या दुकानात आजीसुद्धा ‘किती स्टार?’ विचारते. तिला कॉम्प्रेसरचं शास्त्र माहीत असण्याची गरज पडली नाही. आकडा समोर आला, शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना झाली, आणि अर्थ आपोआप कळत गेला. ‘लोकांना कळत नाही’ हे माहिती न देण्याचं कारण कधीच होऊ शकत नाही. लोकांना कळत नाही, कारण त्यांना सांगितलेलं नाही.

किमतीच्या मुद्द्याला मात्र मी हलक्यानं घेणार नाही. चांगला पॅनल महाग पडतो, आणि ज्याला तीस हजारांत कसाबसा लॅपटॉप घ्यायचा आहे त्याच्यासाठी किंमत वाढणं वाईट. म्हणून मी किमान दर्जाच्या सक्तीची मागणी आत्ता करत नाही. स्वस्त पडद्याचा लॅपटॉप विकायला बंदी नको. फक्त तो स्वस्त पडद्याचा आहे हे सांगून विका. तीस हजारवाल्याला तो चालेल आणि तो जाणूनबुजून घेईल. आज होतं असं की साठ हजारवालाही तोच पडदा घेऊन घरी जातो, आणि पैसे जास्त मोजले म्हणजे पडदाही बरा असेल असं धरून चालतो. खरेदीनंतरच्या निराशेचं मूळ तिथे आहे.

अशा सक्तीला दाखलाही आहे. १९९० च्या दशकात जुन्या काचेच्या मॉनिटरचं माप पूर्ण नळीचं सांगितलं जायचं, दिसणारा भाग त्याहून इंचभर लहान असायचा. अमेरिकेत, मुख्यतः कॅलिफोर्नियात, त्यावर खटले झाले, आणि कंपन्यांना ‘दिसणारा भाग’ वेगळा छापावा लागला. आपल्याकडे वैधमापनाच्या २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत कमाल किंमत, निर्मितीचा महिना, मूळ देश, तक्रारीचा पत्ता हे आधीच सक्तीचं आहे. २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंना यांतली काही माहिती क्यूआर कोडमधून द्यायची मुभाही एका वर्षासाठी दिली गेली होती. जागा नाही, खोकं भरून जाईल, ही सबब त्या दिवशीच संपली. एका क्यूआर कोडमध्ये पडद्याचे पाच आकडे सहज मावतील. त्यात पाचवा आकडा बॅकलाइटच्या लुकलुकीचा असावा असं मला वाटतं. काही पडद्यांत उजेड कमी केला की बॅकलाइट सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा चालू-बंद होतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण काहींचं डोकं त्यानं दुखतं. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेनं एलईडीच्या लुकलुकीवर २०१५ मध्ये शिफारशी काढल्या आहेत. ज्याला त्रास होतो त्याला निदान आधी कळू दे.

सरकारच्या हातात यासाठी दोर कमी नाहीत. लॅपटॉप, टॅब्लेट वगैरे हार्डवेअर इथे बनावं म्हणून केंद्रानं मे २०२३ मध्ये सतरा हजार कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून लॅपटॉपच्या आयातीवर परवानगीची व्यवस्था बसवली. जनतेच्या पैशातून प्रोत्साहन घेणाऱ्या आणि सरकारी परवानगीनं माल आणणाऱ्या कंपन्यांना ‘पडद्याचे आकडे छापा’ ही अट घालणं अजिबात जाचक नाही. राज्य सरकार, विद्यापीठं, जिल्हा परिषदा शाळांसाठी आणि कार्यालयांसाठी लॅपटॉप घेतात. त्यांच्या निविदेत प्रोसेसरची पिढी लिहायची आणि पडद्याच्या रकान्यात फक्त इंच लिहायचे, हे त्यांना उद्यापासून बदलता येईल, त्यासाठी दिल्लीची वाट पाहायला नको. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या १९७५ पासून काम करणाऱ्या संस्थेनं हा विषय हाती घेतला, बाजारातले दहा-बारा लॅपटॉप मोजून घेतले आणि आकडे जाहीर केले, तर चर्चा तक्रारींवरून पुराव्यावर येईल. उजेड मोजायचं उपकरण काही फार दुर्मीळ नाही.

तोवर ग्राहकानं विकत घेण्याआधी निट्स, एसआरजीबी आणि पॅनलची जात हे तीन प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारावेत, ईमेलवर किंवा दुकानाच्या चॅटवर. उत्तर आलं की तो दावा झाला, आणि पुढे पडदा तसा नसेल तर कलम २(१०) लागू करायला आधार मिळाला. उत्तर आलं नाही तरी तो पत्रव्यवहार जपून ठेवावा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार कलम १७ प्रमाणे थेट आपल्या जिल्हाधिकाऱ्याकडे करता येते, त्यासाठी वकील लागत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीवर दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. भाचीच्या लॅपटॉपचं खोकं, बिल, दुकानाच्या पानाची छापील प्रत आणि ती जॉबशीट जोडून आम्ही असाच एक अर्ज तयार केला आहे. त्यात नुकसानभरपाई मागितलेली नाही. त्या पानावर पडद्याचे आकडे लिहायला लावावेत, एवढीच मागणी आहे.